विमी आणि पाशेनडेल : दोन्ही १९१७च्या, दोन्ही कॅनडाच्या, पण वेगळ्या

पहिल्या महायुद्धात कॅनडाचे सैनिक कुठे लढले म्हटलं की विमी आणि पाशेनडेल या दोन लढायांची नावं हमखास येतात आणि बऱ्याचदा त्यांची खिचडी होते. साहजिक आहे म्हणा, साल एकच, खंदक दोन्हीकडे, टेकाड जर्मनांच्या ताब्यात आणि शेवटी ते घेतलं कॅनडावाल्यांनीच. चिखलाच्या खड्ड्यात बसलेल्या मशीनगनवाल्यांचा तो फेमस फोटो मी कित्येक दिवस विमीचा समजत होतो, निघाला पाशेनडेलचा.

खरा फरक पायाखालच्या मातीत आहे. विमी उत्तर फ्रान्समध्ये, अरासजवळ, तिथली जमीन खडूची, म्हणजे पोखरली तरी ढासळत नाही. त्यामुळे आधीच लांबलचक बोगदे खोदून ठेवले होते, आत लाईट, पाणी, जखमींसाठी जागा सगळं, आणि हल्ल्याआधी कितीतरी सैनिक त्यातूनच पुढे आले. त्याआधी मागच्या बाजूला जमिनीवर पट्ट्या आखून रंगीत तालमी केल्या, नकाशे साध्या शिपायांनाही दिले (हे तेव्हा नवीनच होतं). ९ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, पहाटे साडेपाचला बर्फ-पावसात हल्ला सुरू, तोफांचा मारा दर ३ मिनिटांना साधारण १०० यार्ड पुढे सरकणार आणि माणसं त्याच्या मागोमाग चालणार. बराचसा भाग पहिल्याच दिवशी हातात आला, १२ तारखेला सगळं टेकाड. कॅनडाच्या चारही डिव्हिजन (म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) पहिल्यांदा एकत्र लढल्या त्या इथेच, पण मुख्य कमांडर होता ब्रिटिश, जनरल बिंग. हे सोपं गेलं असं मात्र समजू नका, जवळपास ३६०० मेले आणि ७००० जखमी झाले.

पाशेनडेल बेल्जियममध्ये, ईप्र शहराजवळ. इथे चिकणमाती, खाली लगेच पाणी, आणि शेतातलं पाणी काढून देणारे चर तोफगोळ्यांनी केव्हाच उद्ध्वस्त केलेले, वर पाऊस. आपल्याकडे चिखल म्हटलं की भाताचं खाचर डोळ्यासमोर येतं, पण इथे फळ्यांच्या वाटेवरून पाय घसरला की माणूस खड्ड्यात बुडून मरायचा. लढाई ३१ जुलैपासूनच चालू होती, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडवाले थकल्यावर ऑक्टोबरमध्ये कॅनडावाल्यांना आणलं. तोवर कमांडर झाला होता करी, हा कॅनडाचाच, महायुद्धाआधी इन्शुरन्स आणि जमिनीचे व्यवहार करणारा. त्याला इथे लढायचंच नव्हतं, त्याने आधीच सांगितलं की सुमारे १६००० माणसं कामी येतील (मेलेले-जखमी मिळून), आणि झाले जवळपास १५६००. म्हणजे गडी हिशोबाला पक्का होता पण हिशोब बरोबर येण्यात काय आनंद! करीने आधी रस्ते आणि तोफांसाठी फळ्यांचे चौथरे बांधायला लावले, मग २६ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर चार टप्प्यांत थोडं थोडं पुढे. सरकत्या तोफमाऱ्याची पद्धत विमीचीच, फक्त चिखलात माणसं मागे पडायची म्हणून तो हळू सरकवावा लागला.

विमी शेवटपर्यंत हातात राहिलं. पाशेनडेल मात्र एप्रिल १९१८ मध्ये, जर्मनांचा मोठा हल्ला आल्यावर, ब्रिटिशांनी स्वतःहून सोडून दिलं.

अजून एक घोळ स्मारकांचा. विमीच्या पांढऱ्या स्मारकावर ११२८५ नावं आहेत, पण ती फक्त विमीची नाहीत, फ्रान्समध्ये कुठेही मेलेल्या आणि थडगं न सापडलेल्या कॅनडावाल्यांची. पाशेनडेलला बेपत्ता झालेल्या कॅनडावाल्यांची नावं शोधायची तर ईप्रच्या मेनिन गेटवर जायला लागतं, आणि त्याच गेटवर तिकडे लढलेल्या भारतीय शिपायांचीही नावं कोरलेली आहेत.