भरीत, ऑस्कर आणि निम्मं-निम्मं

24 जानेवारी 2023, मंगळवार. संध्याकाळी सातला पाच मिनिटं कमी. जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदजवळच्या एका केळीच्या बागेच्या कडेला तुरीच्या काड्यांचा जाळ पेटला होता. त्यात भरताची लांबुडकी, हिरवट वांगी तडतडत होती, आणि आम्ही तेरा जण एका मोबाइलवर डोकी घालून बसलो होतो. लॉस एंजेलिसात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजायला आले होते. ऑस्करची नामांकनं तिथे पहाटे जाहीर होतात, म्हणजे आपल्याकडे ऐन भरीत-पार्टीच्या वेळी.

पैज भाच्याने लावली होती. हरणाऱ्याने पुढच्या पार्टीची वांगी, शेंगदाणे, कांद्याची पात आणि पुऱ्यांचं तेल आणायचं. प्रश्न चार. 'नाटू नाटू'ला गाण्याचं नामांकन मिळेल का? भारताने पाठवलेला गुजराती 'छेल्लो शो' परदेशी भाषेतल्या चित्रपटांच्या पाचात येईल का? व्हायोला डेव्हिस प्रमुख अभिनेत्रींच्या पाचात असेल का? आणि अँड्रिया राइजबरो? हे शेवटचं नाव आमच्यापैकी बाराजणांनी ऐकलंही नव्हतं. भाचा मात्र रात्ररात्र हेच वाचत असतो.

माझी एकच अट होती. नुसतं हो-नाही चालणार नाही, टक्के सांगायचे. संख्याशास्त्र शिकवून शिकवून अशा खोडी लागतात. भाच्याने पहिल्या तिन्हींना 100 दिले आणि चौथीला 0. मी अनुक्रमे 90, 30, 80 आणि 5. बागेचे मालक जिभाऊ वांगं उलटवता उलटवता म्हणाले, "माझे चारही ठिकाणी पन्नास लिही. येईल नाहीतर नाही येणार. तिसरं काय होणार भो?"

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.

माझे आकडे आले कुठून, ते आधी सांगतो. नामांकनाचं भाकीत करताना चित्रपट चांगला की वाईट हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. प्रश्न असतो तो काही हजार माणसं काय लिहितील याचा. ऑस्कर देणाऱ्या अकादमीत मत देऊ शकणारे सुमारे दहा हजार सदस्य आहेत, पण नामांकनाच्या फेरीत नटनट्यांची नावं फक्त नट सुचवतात, दिग्दर्शकांची दिग्दर्शक, संकलकांची संकलक. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी तेवढे सगळे मिळून मत देतात. म्हणजे ही एक निवडणूक नाही, छोट्या छोट्या डझनभराहून जास्त निवडणुका आहेत आणि प्रत्येकीचे मतदार वेगळे.

आता या मतदारांचा कौल आधी कसा कळणार? आपल्याकडे बऱ्हाणपूरचा केळीचा भाव कळला की रावेर-सावद्याचा शेतकरी आपल्या मालाचा अंदाज बांधतो. बऱ्हाणपूरच्या भावाने सावद्याचा भाव ठरतो असं नाही. केळी तीच, गिऱ्हाईक तेच, म्हणून भाव मागेपुढे सारखे चालतात. ऑस्करआधीचे पुरस्कार हे भाकीत करणाऱ्यांचं बऱ्हाणपूर. अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेचे पुरस्कार 1995 पासून दिले जातात. लाखाहून जास्त सदस्यांतून दोन-अडीच हजार जण यदृच्छेने निवडून त्यांच्याकडून नामांकनं ठरवली जातात. अकादमीतले बरेचसे नट याच संघटनेचे. दिग्दर्शकांच्या संघटनेचंही तसंच. गोल्डन ग्लोबची गोष्ट वेगळी. तिथे मतं पत्रकारांची, त्यांचा आणि अकादमीच्या मतदारांचा संबंध नाही. तरी त्या निकालाचा उपयोग होतो, कारण कोणत्या नावाची हवा आहे ते त्यातून कळतं.

मग गणित येतं. मागच्या वीस-पंचवीस वर्षांच्या याद्या घ्यायच्या. नटांच्या संघटनेने नाव घेतलेल्या किती जणींना पुढे ऑस्करचं नामांकन मिळालं, ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांच्या यादीतही नाव असेल तर किती जणींना, ते मोजायचं आणि प्रत्येक खुणेला तिच्या लायकीप्रमाणे वजन द्यायचं. या वजनांची बेरीज 0 आणि 1 यांच्या मधल्या शक्यतेत बदलणारं एक साधं सूत्र संख्याशास्त्रात आहे, लॉजिस्टिक समाश्रयण म्हणतात त्याला. इयन पार्डो आणि डीन सायमंटन या दोघांनी याच कुळातली पद्धत वापरून चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री या चार पुरस्कारांच्या विजेत्यांवर 2008 मध्ये शोधनिबंध लिहिला होता.

पण तो विजेत्यांवर होता. पाच नावं समोर मांडलेली, त्यातून एक ओळखायचं. नामांकनाचं काम अवघड आहे, कारण त्या वर्षी पात्र चित्रपटच सुमारे 300 होते. त्यातही पहिली तीन नावं कोणीही सांगतो. खरी परीक्षा असते चौथ्या-पाचव्या खुर्चीची, आणि तिथे मतमोजणीचा नियम आडवा येतो.

तो नियम आम्ही त्याच रात्री वांगी सोलता सोलता करून पाहिला. जिभाऊंच्या शेतातल्या घराच्या भिंतीवर आम्ही महिन्याला एक सिनेमा लावतो. पुढच्या तीन महिन्यांचे तीन निवडायचे होते. तेरा जणांनी चिठ्ठीवर पसंतीक्रमाने नावं लिहिली. मतं 13, जागा 3. मतांना जागांपेक्षा एकाने मोठ्या संख्येने, म्हणजे 4 ने भागायचं, येतात सव्वातीन, त्याच्या पुढचा पूर्णांक 4. ज्याला पहिल्या पसंतीची 4 मतं पडली तो आत.

युद्धपटाला 4, भुताच्या सिनेमाला 4. दोन्ही आत. विनोदी सिनेमाला 3, माहितीपटाला 2, आणि एका कौटुंबिक चित्रपटाला शून्य. सगळ्यांत कमी मतं असलेलं नाव आधी कापतात, म्हणून कौटुंबिक चित्रपट पहिल्याच झटक्यात बाद. मग माहितीपट. उरलेली खुर्ची विनोदी सिनेमाला. गंमत अशी की तेरापैकी दहा चिठ्ठ्यांवर तो कौटुंबिक चित्रपट दुसऱ्या क्रमांकावर होता! सगळ्यांना आवडणारा होता तो, पण कोणाचाही लाडका नव्हता. मेव्हणा म्हणाला, हा तर अन्याय आहे. असेल, पण या पद्धतीचा हेतूच असा आहे की एखाद्या नावावर जीव टाकणाऱ्या छोट्या गटालाही एक जागा मिळावी.

आता हेच अकादमीच्या नटांना लावू. त्या सुमारास नटांच्या शाखेत सुमारे 1,300 सदस्य होते. जागा पाच, म्हणून भागायचं सहाने. सगळ्यांनी मत दिलं तरी 217 पहिल्या पसंती मिळाल्या की नामांकन पक्कं. बरेच जण मत देत नाहीत, तेव्हा आकडा आणखी खाली येतो.

सात वाजून काही मिनिटांनी पडद्यावर अँड्रिया राइजबरोचं नाव आलं. तिचा 'टू लेस्ली' अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत सुमारे 27,000 डॉलर कमावून उतरला होता. तेव्हाच्या दराने 22 लाख रुपये, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम हॉलिवूडपटाच्या पहिल्या दिवसाच्या गल्ल्याच्याही आसपास नाही. नटांच्या संघटनेच्या यादीत ती नव्हती, बाफ्टाच्या नव्हती, गोल्डन ग्लोबच्याही नव्हती. मात्र मतदानाच्या आधीच्या काही दिवसांत केट विन्स्लेट, एडवर्ड नॉर्टन यांच्यासारख्या नटांनी तिचं काम जाहीरपणे उचलून धरलं होतं. नटांनी नटांना सांगितलं होतं. मोठ्या जाहिरातींनी लाखभर लोकांपर्यंत पोहोचायची गरजच नव्हती, दोनशे-सव्वादोनशे जणांनी चिठ्ठीवर तिचं नाव सगळ्यांत वर लिहिलं की झालं. अकादमीने या प्रचाराची चौकशीही केली आणि नामांकन कायम ठेवलं. दुसरीकडे व्हायोला डेव्हिस आणि डॅनिएल डेडवायलर या दोघी संघटनेच्या आणि बाफ्टाच्या, दोन्ही याद्यांत असूनही बाहेर राहिल्या. माझ्यासारख्यांची गणितं ज्या खुणांवर उभी असतात, नेमक्या त्याच तिथे उलट्या पडल्या.

असं याआधीही झालंय. 2013 मध्ये अकादमीच्या सदस्यांचं नामांकनाचं मतदान 4 जानेवारीला संपलं आणि दिग्दर्शकांच्या संघटनेने आपली पाच नावं 8 जानेवारीला जाहीर केली. 10 तारखेला ऑस्करची यादी आली, तेव्हा दोन्ही याद्यांत सारखी नावं फक्त दोनच निघाली, अँग ली आणि स्टीव्हन स्पीलबर्ग. बेन अॅफ्लेकला दिग्दर्शनाचं नामांकन नाही, आणि त्याच्याच 'आर्गो'ला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर! एरवी एवढ्या जुळणाऱ्या याद्या त्या वर्षी का फाटल्या? माझा तर्क असा की एरवी मतदार स्वतःही आधीच्या याद्या वाचतात, काय पाहायचं राहिलंय ते त्यावरून ठरवतात, आणि याद्या आपोआप जुळत जातात. त्या वर्षी त्यांच्यासमोर ती यादीच नव्हती. एका वर्षावरून सिद्ध काही होत नाही, पण भाकीत करणाऱ्याने तारखा पाहाव्यात हे मी तेव्हापासून शिकलो.

जुन्या आकड्यांची दुसरी अडचण मतदारांचीच आहे. 2015 आणि 2016 अशी लागोपाठ दोन वर्षं अभिनयाच्या वीसच्या वीस नामांकनांत सगळे गोरे होते. त्यावर टीका झाली आणि अकादमीने स्त्रिया, कृष्णवर्णीय, परदेशी असे नवे सदस्य भराभर घेतले. जवळपास सहा हजारांची संस्था काही वर्षांत दहा हजारांकडे गेली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकनंही 2008 च्या चित्रपटांपर्यंत पाच होती, मग दहा झाली, मग पाच ते दहाच्या मध्ये कितीही, आणि 2021 च्या चित्रपटांपासून पुन्हा ठाम दहा. एवढं सगळं बदलल्यावर 1998 ची यादी कितपत उपयोगी? फेकून द्यावी तर हाताशी आकडे उरत नाहीत, ठेवावी तर ती भलत्याच मतदारांची. यावर सोपा तोडगा नाही. मी अलीकडच्या वर्षांना जास्त वजन देतो आणि गप्प बसतो.

'छेल्लो शो'चा हिशोब त्या मानाने सरळ होता. डिसेंबरात निवडलेल्या पंधरा चित्रपटांत तो आला होता. पंधरातून पाच, म्हणजे कोणाबद्दलही काही माहीत नसेल तर शक्यता 33 टक्के. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते कुटणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. त्यात भारताला त्या गटात तोवर तीनदाच नामांकन मिळालेलं, 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. म्हणून 30. 'नाटू नाटू'ही पंधरा गाण्यांच्या यादीतच होतं, पण त्याने दोनच आठवड्यांपूर्वी गोल्डन ग्लोब जिंकलं होतं. म्हणून 90.

निकाल असे: नाटू नाटू आत, छेल्लो शो बाहेर, डेव्हिस बाहेर, राइजबरो आत.

टक्क्यांतल्या भाकिताला गुण द्यायची एक रीत आहे. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने ती 1950 मध्ये पावसाच्या अंदाजांसाठी मांडली. घडलं तर 1, नाही घडलं तर 0. त्यातून तुमची शक्यता वजा करायची, उत्तराचा वर्ग करायचा, सगळ्यांची सरासरी काढायची. जितकी कमी तितकं चांगलं. छातीठोक सांगून चुकणाऱ्याला यात सगळ्यांत मोठा फटका बसतो. भाच्याचे तीन प्रश्न तसेच चुकले, त्याची सरासरी 0.75. माझी: 0.01, 0.09, 0.64 आणि राइजबरोने दिलेला 0.90, सरासरी 0.41. जिभाऊंचे चारही ठिकाणी 0.25, सरासरीही 0.25.

मी मोबाइलवर बेरीज दोनदा केली. मग सांगून पाहिलं की चार प्रश्न फार थोडे आहेत, त्यातले दोन मुद्दाम अवघड निवडलेले, शंभर प्रश्न घेतले तर निम्मं-निम्मं म्हणणारा हटकून मागे पडेल. यातला शब्दन् शब्द खरा आहे.

जिभाऊंनी कळण्याची भाकरी मोडली, भरिताचा घास घेतला आणि म्हणाले, "मग पुढच्या वर्षी शंभर विचार. वांगी भाचा आणतोय, तेल तू आण."