नवा फेंडर जुन्या पिकअपला बसत का नाही

डुप्लिकेट पार्ट बसत नाही कारण त्याचा पत्रा पातळ असतो, हे वाक्य वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये जरा वेळ उभं राहा, हमखास कानावर येतं. आणि ते ऐकलं की मला राहवत नाही. पत्रा पातळ असतोही कधी कधी, नाही असं नाही, पण बसत नाही याचं मुख्य कारण वेगळंच आहे, आणि ते इतकं भारी आहे की अकरावीच्या भौतिकशास्त्रात हूकचा नियम (जेवढा जोर, तेवढा ताण) शिकवताना हेच उदाहरण द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मित्राकडे एक जुनी शेव्हरोले 3100 पिकअप आहे, 1947 ला जी गोलमटोल नाकाची मालिका आली त्यातली. जनरल मोटर्सचा शिवडीला 1928 पासून 1954 पर्यंत गाड्या जोडायचा कारखाना होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या लोकांना शेव्हरोले हे नाव काही परकं नाही. या गाडीचे कंपनीचे पत्रे मिळणं कधीच बंद झालंय, पण अमेरिकेत या पिकअपवर जीव टाकणारी माणसं इतकी आहेत की फेंडर (चाकावरचा पत्रा), केबिनचे खालचे कोपरे, फ्लोअर, फुटबोर्ड सगळं नवं बनवून विकलं जातं, आणि त्यातला बराच माल तैवानमध्ये दाबलेला असतो. तर असाच एक पुढचा फेंडर आला. वरचे बोल्ट व्यवस्थित लागले, पण दरवाज्याजवळचं खालचं टोक चांगलं बोटभर बाहेर. मित्राचा चेहरा पडला, म्हणाला पातळ माल दिला रे. मायक्रोमीटर लावून बघितलं, जुन्या फेंडरचा रंग एका ठिकाणी खरवडून तिथेही लावला, फरक नावापुरता. मग टोक बाहेर का?

कारण पत्रा वाकवला की तो थोडा परत फिरतो. याला स्प्रिंगबॅक म्हणतात.

लोखंडाचा पत्रा ओढला की आधी तो रबरासारखा ताणला जातो आणि सोडला की जागेवर येतो, हा हूकच्या नियमाचा भाग. एका मर्यादेपलीकडे ओढला की मग तो कायमचा लांबतो, त्या मर्यादेला यील्ड म्हणतात. गाडीच्या साध्या मऊ पत्र्याची यील्ड धरा 200 मेगापास्कल, आणि पोलादाचा यंगचा गुणांक, म्हणजे ताणायला ते किती ताठ आहे त्याचं माप, असतो 200 गिगापास्कलच्या आसपास. भागाकार केला तर येतं एक हजारांश, म्हणजे एक मीटर लांब पट्टी ओढली तर पहिला एक मिलिमीटर ती नुसती उसनी लांबते आणि सोडल्यावर परत करते. आता गंमत अशी की ती पट्टी आणखी ओढून कायमची लांब केली, तरी सोडताना तो जवळपास एक मिलिमीटर ती परत घेतेच. कायमचा झालेला बदल वेगळा आणि परत फिरणारा वेगळा, आणि दोन्ही एकाच वेळी पत्र्यात असतात. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

ओढण्यात एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण वाकवण्यात याचा खेळच बदलतो. पत्रा वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि मधोमध एक थर असा असतो की त्याला काहीच होत नाही. मधल्या थराच्या आसपासचं लोखंड यील्डपर्यंत पोचलेलंच नसतं, त्याला फक्त परत सरळ व्हायचं असतं. 1 मिलिमीटर जाड पत्रा 300 मिलिमीटर त्रिज्येच्या गोलाईवर दाबून धरला तर हिशोबाने जाडीतला मधला 60 टक्के भाग अजून रबरासारखाच वागत असतो, कायमचे बदललेत ते फक्त बाहेरचे आणि आतले पातळ थर. मग हात सोडल्यावर काय होणार?

याचं एक सूत्र आहे आणि ते मी देणारच, ज्यांना नको त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. त्रिज्या गुणिले यील्ड, भागिले यंगचा गुणांक गुणिले जाडी, या आकड्याला क्ष म्हणा. मग दाबतानाची त्रिज्या भागिले सुटल्यावरची त्रिज्या बरोबर 4 क्ष³ − 3 क्ष + 1. आकडे टाका. त्रिज्या 3 मिलिमीटर, म्हणजे कडेची टोकदार घडी, क्ष येतो 0.003 आणि सुटल्यावरची त्रिज्या 3.03, म्हणजे घडी जागच्या जागी. त्रिज्या 30, तर सुटल्यावर 33, चालेल. आता त्रिज्या 300, फेंडरच्या पोटाची असते तशी मोकळी गोलाई, क्ष 0.3, उत्तर 0.208, म्हणजे 300 ची त्रिज्या सुटल्यावर 1440 मिलिमीटर, जवळजवळ दीड मीटर! आणि तोच पत्रा जरा कडक असला, यील्ड 200 ऐवजी 300, तर त्रिज्या 20 मीटरच्या पुढे जाते, म्हणजे डोळ्याला पत्रा सपाटच दिसेल. क्ष 0.5 झाला की उत्तर शून्य, म्हणजे पत्रा वाकलाच नाही, नुसता वाकल्यासारखा धरला होता.

म्हणजे आपल्याला वाटतं त्याच्या नेमकं उलटं आहे. टोकदार घडी घालणं सोपं, मोकळी गोलाई अवघड. घरी करून बघायचं असेल तर जीआयची तार घ्या, एकदा पेन्सिलीभोवती गुंडाळा आणि एकदा मोठ्या डब्याभोवती, सोडल्यावर पेन्सिलीचं कडं तेवढंच राहील आणि डब्याचं चांगलं उघडेल.

मग प्रश्न असा की असं असेल तर 1947 च्या त्या गोलमटोल फेंडरला आकार आलाच कसा, ती तर सगळी मोकळी गोलाईच आहे. इथे मला प्रेसवाल्या इंजिनियरांना हात जोडावेसे वाटतात. ते पत्रा नुसता वाकवत नाहीत, त्याच्या चारही कडा घट्ट पकडून ठेवतात, कडेला एक उंचवटा आणि समोर खाच अशी रचना करतात की पत्रा आत सरकताना अडखळेल, आणि मग पंच, म्हणजे वरून दाबणारा साचा, खाली आला की पत्रा वाकता वाकता ताणलाही जातो, मीटरला दोन-एक सेंटीमीटर. आता जाडीतला प्रत्येक थर ताणाच्याच बाजूला यील्डच्या पार गेला, आतला थरसुद्धा, दाबलेला कोणी उरलाच नाही. सोडल्यावर सगळे थर सारखेच जरासे आक्रसतात, आणि सगळे सारखे आक्रसले तर वाकडं सरळ करायला कोणी उरत नाही. शिवाय जो काही थोडा स्प्रिंगबॅक उरतो तेवढी डायच, म्हणजे दाबायचा साचाच, मुद्दाम जास्त वळणाची बनवायची, म्हणजे पत्रा परत फिरून बरोबर जागेवर येतो. डाय आणि पार्ट यांचे आकार एकसारखे नसतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता डुप्लिकेटचं बघा. मूळ डाय नाही, मूळ ड्रॉइंग नाही. कुठलातरी जुना फेंडर घेतात, तो कधीतरी ठोकून सरळ केलेला असू शकतो, त्याचं माप घेऊन डाय बनवतात. म्हणजे सुटल्यानंतरच्या आकाराची डाय. त्यात प्रेस लहान असेल तर कडा तेवढ्या जोरात पकडता येत नाहीत, ताण कमी पडला की स्प्रिंगबॅक आलाच, आणि बॉडीच्या धारदार रेषाही बोथट येतात. त्यात पत्र्याची एक खेप मऊ आणि दुसरी जरा कडक निघाली तर एकाच डायमधून दोन वेगळे फेंडर निघतात. म्हणून एकाला बसतो आणि दुसऱ्याला नाही. यासाठी पत्रा पातळ असावाच लागत नाही.

जाता जाता दोन गोष्टी बोलतोच. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पॅचसाठी पत्रा आणायचा होता तर मित्राच्या घरून निरोप आला की शनिवारी लोखंड घरात आणू नका. याला कसलाही आधार नाही. पत्रा शनिवारी आणा नाहीतर अमावस्येला आणा, विचारायचं ते हे की ग्रेड कुठला, साधा डी, का डीडी, का ईडीडी, म्हणजे ड्रॉइंग, डीप ड्रॉइंग, एक्स्ट्रा डीप ड्रॉइंग, कारण आयएस 513 या पत्र्याच्या भारतीय मानकातल्या या ग्रेडवरच (मानकात आता यांची नावं सीआर2, सीआर3, सीआर4 अशी आहेत) तो किती वळेल ते ठरतं. आणि दुसरं, जुनी गाडी म्हणजे दणदणीत पत्रा, धडक बसली तरी काही होत नाही हा जो प्रचार चालतो तो जीवघेणा आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने 2009 मध्ये 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मॅलिबू समोरासमोर धडकवली होती, जुन्या गाडीची केबिन ड्रायव्हरच्या अंगावर चेपली गेली आणि नवीची शाबूत राहिली. जुन्या गाडीवर प्रेम करा, मीही करतो, पण तिला चिलखत समजू नका.

तर बोटभर बाहेर आलेल्या टोकाचं काय करायचं. बोल्ट आवळून ओढून आणायचं, असं बरेच जण करतात, आणि ते चूक आहे, कारण ओढलेला पत्रा यील्डच्या आत आहे, तो कायम परत जायला बघणार, खड्ड्याखड्ड्यांत बोल्टच्या भोकाशी तडा जाणार किंवा कडेचा रंग उडणार. त्याला कायमचाच वळवायला लागतो. गॅरेजच्या मिस्त्रींनी काय केलं ते बघण्यासारखं होतं. फेंडर उतरवला, जमिनीवर वाळूची पिशवी, त्यावर फेंडर, टोकाच्या आत लाकडी ठोकळा, आणि गुडघ्याने दाब दिला. सोडला. तळहात फिरवून बघितलं. परत दाबला, यावेळी थोडा जास्त, परत सोडला. हातोडी उचललीच नाही. मित्राला म्हणाले, "साहेब, ह्याला पाहिजे त्याच्यापेक्षा जादा वाकवायला लागतो, मग सोडल्यावर तो जाग्यावर येतो." वरचं अख्खं सूत्र या माणसाच्या गुडघ्यात आहे, आणि आपल्याकडे अशा माणसाला अजून अडाणी डेंटर म्हणतात याचा मला राग येतो.

बाकी बसवण्याचा क्रम लक्षात ठेवला तर अर्धा त्रास वाचतो. गाडी जॅकवर टांगलेली नको, चाकांवर उभी हवी, कारण चेसिससुद्धा वाकते आणि गॅप बदलतात. आधी केबिनचे रबर माउंट ठीक करा, मग दरवाजा केबिनला जुळवा, मग फेंडर दरवाज्याला, आणि बॉनेट सगळ्यात शेवटी, सगळे बोल्ट आधी ढिले लावून, लागेल तिथे शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून. केबिनचा कुजलेला कोपरा कापायच्या आधी दरवाज्याच्या चौकटीत आडवी पट्टी टाका नाहीतर चौकटच पसरते. कोपरा वेल्ड करताना सलग ओढू नका, सीओटू वेल्डिंगने टिपके मारा, एक इथे एक लांब तिथे, कारण वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि सपाट पत्र्याला लाटा येतात.

आणि नव्या पत्र्यावरचा काळा कोट बघून निर्धास्त होऊ नका, बऱ्याच वेळा तो फक्त प्रवासात गंज लागू नये म्हणून असतो, तो घासून नीट इपॉक्सी प्रायमर मारा, सांध्यात सीलर भरा, आणि दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकं सीलरने बुजली नाहीत ना ते तार घालून तपासा. खाडीच्या हवेत, ठाण्याच्या पावसात, दरवाजे तिथूनच कुजायला लागतात.