डीनॅशनलायझेशन : सिलॅबल, उच्चार आणि घडण

डीनॅशनलायझेशन हे रोमी लिपीत १७ अक्षरांचे इंग्रजी नाम. सरकारी उद्योग खासगी हाती सोपवणे, एखाद्याचे नागरिकत्व काढून घेणे आणि एखाद्या समाजाचे राष्ट्रीयत्व पुसले जाणे, असे त्याचे तीन अर्थ होतात. गोव्याच्या इतिहासात महत्त्वाचा तो तिसरा. चांदर येथील त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९४४ साली गोमंतकीयांच्या डीनॅशनलायझेशनवर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. पोर्तुगीज राजवटीने गोमंतकीयांना आपल्याच संस्कृतीपासून तोडले, असा तिचा रोख होता. १९२८ साली गोवा काँग्रेस समिती स्थापन केली ती याच कुन्हांनी.

लॅटिन 'नातिओ' म्हणजे जन्म, कूळ. त्यावरून नेशन, मग नॅशनल आणि नॅशनलाइझ. त्याला उलट अर्थाचा 'डी' हा उपसर्ग लागून क्रियापद होते आणि 'एशन' लागून नाम. मराठीतही राष्ट्र, राष्ट्रीय, राष्ट्रीयीकरण अशीच चढण आहे. फरक इतकाच की 'नेशन'मधला 'ने' पुढे 'नॅ' होतो, आपले 'राष्ट्र' मात्र शेवटपर्यंत तसेच राहते.

शब्दात सात सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, आहेत: डी-नॅ-श-न-लाय-झे-शन. देवनागरीत लिहिताना नऊ अक्षरे लागतात, त्यामुळे अक्षरे मोजणारा हमखास चुकतो. मराठी माणूस हा शब्द सहज बोलताना सहाच सिलॅबल करतो: डी-नॅ-शन-लाय-झे-शन. इंग्रजही भरभर बोलताना सहावर येतो, पण गाळण्याची जागा निराळी. आपण 'न'मधला 'अ' खातो, तो 'श'मधला खातो आणि 'नॅश्-न-लाय' म्हणतो. अमेरिकन उच्चारात 'लाय'च्या जागी बहुधा नुसता 'ल' येतो.

मुख्य आघात, म्हणजे उच्चारातला जोर, 'झे'वर, दुय्यम 'नॅ'वर. 'एशन'ने संपणाऱ्या नामांत आघात त्या 'ए'वरच पडतो. गोव्यात दर १९ डिसेंबरला कानी पडणाऱ्या 'लिबरेशन'मध्येही जोर 'रे'वर हवा. मराठीत असा ठळक आघात नसल्याने आपण सगळे तुकडे सारख्या वजनाने म्हणतो. अर्थ कळतो, पण लय इंग्रजी राहत नाही. पोर्तुगीज शाळेत शिकलेल्यांची अडचण वेगळी. त्या भाषेतला समांतर शब्द अनुनासिक 'सांव'ने संपतो आणि जोर थेट त्या शेवटच्या तुकड्यावर जातो.

ओळीच्या शेवटी शब्द तोडताना 'शन'ची चार रोमी अक्षरे एकत्रच ठेवतात. 'झे'साठी एस लिहा किंवा झेड, उच्चार बदलत नाही.