लाइटनिंग टॉक

तंत्रज्ञान परिषदेत एकाच सत्रात, एकापाठोपाठ एक होणाऱ्या अगदी छोट्या भाषणांना लाइटनिंग टॉक म्हणतात. प्रत्येक वक्त्याला बहुधा ५ मिनिटे मिळतात. ब्रुसेल्सच्या फॉस्डेम परिषदेत मात्र अनेक वर्षे १५ मिनिटांच्या भाषणांनाही हेच नाव होते. विषय कोणताही चालतो: अर्धवट झालेली लायब्ररी (इतरांना वापरता येणाऱ्या तयार कोडचा संच), आठवडाभर छळलेला एखादा बग (प्रोग्रॅममधली चूक), मदतीला माणसे हवी असलेला प्रकल्प.

हे नाव रूढ झाले ते पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या परिषदेमुळे. जून २००० मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात भरलेल्या परिषदेत मार्क जेसन डॉमिनस यांनी असे सत्र घेतले आणि त्याला हे नाव दिले. मोठ्या भाषणासाठी कित्येक महिने आधी प्रस्ताव पाठवावा लागतो, निवड समितीपुढे टिकावे लागते. इथे बऱ्याचदा त्याच दिवशी फळ्यावर किंवा कागदावर नाव लिहिले की झाले. आयुष्यात कधी व्यासपीठावर न चढलेल्या माणसाची भीड चेपायला याहून चांगली जागा नाही. भाषण फसले तरी श्रोत्यांची ५ मिनिटेच गेलेली असतात, आणि हे वक्त्यालाही ठाऊक असते.

सत्राचा खरा कस लागतो तो दोन भाषणांच्या मधल्या वेळेत. तासाभरात ५ मिनिटांची १२ भाषणे बसावीत. पण प्रत्येक अदलाबदलीला एक मिनिट गेले तर १०च होतात. एकाचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला जात नाही, दुसऱ्याकडे योग्य अडॅप्टर नसतो, तिसऱ्याच्या स्लाइड पडद्याबाहेर जातात, आणि सगळे गाडे तिथेच अडते. म्हणून जाणते आयोजक सगळ्यांच्या स्लाइड आधीच मागवून एकाच लॅपटॉपवर ठेवतात आणि पुढच्या वक्त्याला पहिल्या रांगेत आणून बसवतात. वेळ संपली की काही ठिकाणी घंटा वाजते, तर काही ठिकाणी सूत्रसंचालक टाळ्या सुरू करतो आणि सगळे सभागृह त्यात सामील होते. वाक्य अर्धे राहिले तरी वक्त्याला थांबावेच लागते. ही शिस्त कठोर वाटते, पण ती रांगेतल्या शेवटच्या वक्त्यासाठी असते. पहिल्या चौघांनी एकेक मिनिट जास्त घेतले की त्याची पाळीच येत नाही.

वेळ हातात ठेवण्याचे याहून कडक प्रकारही आहेत. अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुविशारदांनी २००३ मध्ये टोकियोत पेचाकुचा सुरू केले: २० स्लाइड, प्रत्येकी २० सेकंद, एकूण ६ मिनिटे ४० सेकंद. २००६ मध्ये सिअ‍ॅटलला सुरू झालेल्या इग्नाइटमध्ये स्लाइड तेवढ्याच, पण प्रत्येकीला १५ सेकंद. दोन्हींत स्लाइड आपोआप पुढे सरकतात.

एवढ्याशा वेळात काय साधते, याचे ठळक उदाहरण मार्च २०१३ मधले. सांता क्लारा येथील पायकॉन या पायथॉन भाषेच्या परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी लाइटनिंग टॉकमध्ये डॉकर पहिल्यांदा लोकांपुढे आणले. हे साधन सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारे सगळे काही ‘कंटेनर’ नावाच्या एकाच गाठोड्यात बांधते. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एक आज्ञा दिली, कंटेनर सुरू झाला आणि पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’ उमटले. सॉफ्टवेअर बांधून पाठवण्याची जगभरातली रीत पुढे त्या साधनाने बदलली. त्याआधी, २०१२च्या कोडमॅश परिषदेत गॅरी बर्नहार्ट यांनी जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रॅमिंग भाषेत दोन रिकाम्या याद्या, म्हणजेच दोन रिकामे अ‍ॅरे एकमेकांत मिळवले की काय होते ते दाखवले: उत्तर यादी येत नाही, येते रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर! चारेक मिनिटांचे ते भाषण प्रोग्रॅमर अजूनही एकमेकांना पाठवतात.

दोघांनीही केले ते एवढेच, की थेट मुद्द्याला हात घातला. स्वतःची ओळख, कंपनीची माहिती, अनुक्रमणिकेची स्लाइड यांत दीड मिनिट सहज जाते, आणि नवखे वक्ते हमखास तिथेच अडकतात. घरी घड्याळ लावून मोठ्याने तालीम केली की काय गाळायचे ते आपोआप कळते. प्रत्यक्ष डेमो दाखवायचा तर तो आधी रेकॉर्ड करून ठेवलेला बरा. सभागृहातल्या वायफायच्या भरवशावर ५ मिनिटे सोपवू नयेत.

या सत्रात प्रश्नोत्तरांना सहसा वेळ नसतो. म्हणून शेवटच्या स्लाइडवर नाव आणि प्रकल्पाचा पत्ता ठेवायची पद्धत आहे. ज्याला त्यात रस वाटतो तो मधल्या सुट्टीत वक्त्याला गाठतो, आणि पुढचे बोलणे व्हरांड्यात उभ्या उभ्याच सुरू होते.