ज्येष्ठ व्यावसायिक गोल्फ सर्किट

पन्नाशी पूर्ण केलेल्या व्यावसायिक गोल्फपटूंसाठी भरवल्या जाणाऱ्या स्पर्धांची वार्षिक मालिका. यातली सर्वांत प्रतिष्ठेची मालिका अमेरिकेतली. 1980 साली ती ‘सीनियर पीजीए टूर’ या नावाने सुरू झाली. 2003 पासून तिला ‘चॅम्पियन्स टूर’ म्हणू लागले आणि 2016 पासून ती ‘पीजीए टूर चॅम्पियन्स’ या नावाने ओळखली जाते. युरोपात अशी मालिका 1992 मध्ये आली. आज ती ‘लेजंड्स टूर’ आहे. बहुतेक खेळांत पन्नाशीतल्या खेळाडूचे सामने म्हणजे प्रदर्शनी सामने. गोल्फमध्ये मात्र तिथे खरी चुरस असते, मोठी बक्षिसे असतात, आणि काहींच्या बाबतीत तर आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरीच तिथे घडते.

ज्येष्ठांची स्पर्धा ही कल्पना मालिकेपेक्षा बरीच जुनी आहे. सीनियर पीजीए चॅम्पियनशिप 1937 मध्ये ऑगस्टा नॅशनलच्या मैदानावर प्रथम खेळली गेली आणि जॉक हचिसनने ती जिंकली. सॅम स्नीडने पुढे ही स्पर्धा सहा वेळा जिंकली, त्यातली 1973 ची दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल 15 फटके कमी घेऊन. पण वर्षभर चालणाऱ्या मालिकेला प्रेक्षक मिळतील, हा विश्वास दिला तो टेक्सासमधील ऑस्टिन इथल्या ‘लेजंड्स ऑफ गोल्फ’ या जोड्यांच्या स्पर्धेने. 1978 मध्ये स्नीड आणि गार्डनर डिकिन्सन ही जोडी तिथे जिंकली. पुढच्या वर्षी ज्युलियस बोरोस व रोबेर्तो दे विचेन्सो यांची टॉमी बोल्ट व आर्ट वॉल यांच्याशी बरोबरी झाली. बरोबरी सोडवणारा जादा खेळ, म्हणजे प्लेऑफ, सहाव्या होलपर्यंत लांबला, बर्डीला (होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) बर्डीने उत्तर मिळत राहिले, आणि दूरचित्रवाणीवर हे पाहणाऱ्यांना म्हाताऱ्यांचा खेळ कंटाळवाणा नसतो याची खात्री पटली. वर्षभरात मालिका उभी राहिली.

तिला खरी गर्दी मिळवून दिली अर्नोल्ड पामरने. 1979 च्या सप्टेंबरात तो पन्नास वर्षांचा झाला. यूएस सीनियर ओपन 1980 मध्ये सुरू झाली तेव्हा किमान वय 55 होते आणि दे विचेन्सो पहिला विजेता ठरला. दुसऱ्याच वर्षी ही अट 50 वर आणली गेली आणि 1981 ची स्पर्धा पामरने प्लेऑफमध्ये जिंकली.

या सर्किटवरची कामगिरी जोखताना त्याची रचना ध्यानात ठेवावी लागते. बहुतेक स्पर्धा चार फेऱ्यांच्या नसून तीन फेऱ्यांच्या, म्हणजे 54 होलच्या असतात. खेळाडूंची संख्या मर्यादित असते आणि दोन फेऱ्यांनंतर कोणाला वगळले जात नाही. त्यामुळे पहिला दिवस वाईट गेला तर सावरायला वेळ कमी मिळतो. पहिल्या होलपासून आक्रमक खेळावे लागते. नियमित, म्हणजे वयाची अट नसलेल्या, टूरवरचे विजय आणि इथले विजय म्हणूनच एका बेरजेत धरू नयेत. या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. खरी तुलना करता येते ती पाच सीनियर मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धांत, कारण त्या 72 होलच्या असतात : सीनियर पीजीए, यूएस सीनियर ओपन, सीनियर प्लेयर्स, ट्रॅडिशन आणि सीनियर ओपन. ब्रिटनमध्ये 1987 पासून खेळली जाणारी सीनियर ओपन 2003 पासूनच मेजर म्हणून धरली जाते. त्यामुळे गॅरी प्लेयरच्या नावावर कुठे सहा सीनियर मेजर लिहिलेल्या दिसतात, कुठे नऊ. त्याची तीन ब्रिटिश विजेतेपदे त्याआधीची आहेत.

वय आणि यश यांचे नाते इथे जितके उघड दिसते तितके क्वचितच कुठे दिसते. पन्नाशीनंतरची पहिली पाच-सहा वर्षे हा सुगीचा काळ. तोवर शरीर साथ देते आणि समोरचे बरेचसे प्रतिस्पर्धी वयाने मोठे असतात. ली ट्रेव्हिनोने 1990 मध्ये पदार्पणाच्या पूर्ण हंगामात सात स्पर्धा जिंकल्या आणि त्या वर्षी नियमित पीजीए टूरवर सर्वाधिक कमाई करणाऱ्या ग्रेग नॉर्मनपेक्षाही जास्त बक्षीस रक्कम मिळवली. जॅक निकलॉसने त्याच वर्षी आपल्या पहिल्याच सीनियर स्पर्धेत, ट्रॅडिशनमध्ये, बाजी मारली. त्याने सर्किटवर फारसे खेळणे कधीच पसंत केले नाही. एकूण विजय फक्त 10, पण त्यातले आठ मेजर! ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन 1985 च्या एकाच हंगामात नऊ स्पर्धा जिंकला. हेल अर्विनने 1997 मध्ये या विक्रमाशी बरोबरी केली.

अर्विन हा सातत्याचा आदर्श मानला जाई. तीनदा यूएस ओपन जिंकलेल्या, आणि त्यातली तिसरी 1990 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी मिळवलेल्या या खेळाडूने सीनियर सर्किटवर 45 विजय नोंदवले. शेवटचा विजय 2007 मधला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. हा आकडा कोणी गाठेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

तो गाठला जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरने. 27 ऑगस्ट 1957 रोजी बव्हेरियातल्या आनहाउझेन इथे जन्मलेल्या लँगरने 1985 आणि 1993 असे दोनदा मास्टर्स ही नियमित टूरची मेजर जिंकली होती, पण पटिंग करताना (चेंडू होलमध्ये ढकलताना) हात थरथरण्याच्या व्याधीने त्याला एकदा नव्हे, अनेकदा गाठले. दर वेळी पकड बदलून, पटर (त्यासाठीची काठी) बदलून तो परत आला. लांब पटर छातीशी टेकवण्यावर 2016 पासून बंदी आली, तेव्हा आता हा संपला असे अनेकांना वाटले. त्याच वर्षी त्याने दोन मेजर जिंकल्या, पुढच्या वर्षी तीन. 2010 मध्ये तर कार्नुस्टीला सीनियर ओपन जिंकून तो अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम टोकाला गेला आणि पुढच्याच आठवड्यात सहालीला यूएस सीनियर ओपन जिंकली. पाचही सीनियर मेजर जिंकलेला तो पहिला खेळाडू. एकूण 12 मेजर हाही विक्रमच. 2023 च्या यूएस सीनियर ओपनमध्ये, 65 व्या वर्षी, त्याने 46 वा विजय मिळवून अर्विनला मागे टाकले.

यापुढचा प्रसंग मला आकड्यांहून मोठा वाटतो. 2024 च्या फेब्रुवारीत पिकलबॉल हा टेनिससारखा खेळ खेळताना त्याच्या टाचेमागची अकिलिस शीर तुटली. तीन महिन्यांत तो मैदानावर परतला आणि नोव्हेंबरात हंगामाची अखेरची स्पर्धा, शेवटच्या होलवर सुमारे 30 फुटांचा बर्डी पट घालून, एका फटक्याने जिंकला. वय 67, विजय 47 वा. 2007 पासून सलग अठरा हंगामांत एकही वर्ष विजयाविना गेले नव्हते.

मात्र केवळ दिग्गजांच्या यादीने या सर्किटची ओळख पुरी होत नाही. नियमित टूरवर ज्यांना संधी मिळाली नाही किंवा मिळूनही साधता आली नाही, त्यांचे इथले यश मला अधिक मोलाचे वाटते. कृष्णवर्णीयांना वगळणारे अमेरिकन पीजीए या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेचे कलम 1961 मध्ये रद्द झाले, तेव्हा चार्ली सिफर्ड चाळिशीला टेकला होता. उमेदीची वर्षे हिरावली गेली होती. सीनियर टूरच्या पहिल्याच हंगामात, 1980 मध्ये, सनट्री क्लासिक त्याने जिंकली. जिम डेंटला नियमित टूरवर एकही विजय मिळाला नाही. इथे 12 मिळाले. ब्रूस फ्लायशरने तिथे एकच स्पर्धा जिंकली होती. 1999 मध्ये सीनियर झाल्यावर पहिल्या दोन्ही स्पर्धा त्याने खिशात घातल्या आणि अखेर 18 विजयांपर्यंत मजल मारली. क्लबमध्ये गोल्फ शिकवणारा डेना क्विग्ली पात्रता फेरीतून आला आणि पुढे खेळण्यास पात्र असलेली एकही स्पर्धा न चुकवता सलग 278 स्पर्धा खेळला. अ‍ॅलन डॉयल तर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी व्यावसायिक झाला. आइस हॉकीपटूसारखा आखूड, काहीसा ओबडधोबड स्विंग असलेल्या या माणसाने 2005 च्या यूएस सीनियर ओपनमध्ये अखेरच्या दिवशी नऊ फटक्यांची पिछाडी 63 च्या फेरीने भरून काढली, आणि 2006 मध्ये ती स्पर्धा पुन्हा जिंकली.

एका फेरीचा विक्रम केविन सदरलँडच्या नावावर आहे. 2014 मध्ये त्याने 59 फटक्यांत फेरी संपवली, तीही शेवटच्या होलवर बोगी (ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त) होऊन. ज्येष्ठांच्या खेळात आणखी एक अनौपचारिक मानाची खूण असते : आपल्या वयाइतक्या किंवा त्याहून कमी फटक्यांत फेरी पूर्ण करणे. स्नीडने 1979 मध्ये, 67 व्या वर्षी, हे नियमित टूरवर करून दाखवले. क्वॉड सिटीज ओपनमध्ये एकदा 67 आणि नंतर 66. वॉल्टर मॉर्गनने 2002 मध्ये 61 व्या वर्षी 60 ची फेरी खेळली.

स्त्रियांना अशा संधी फार उशिरा मिळाल्या. यूएस सीनियर विमेन्स ओपन 2018 मध्ये सुरू झाली, म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेनंतर 38 वर्षांनी. शिकागो गोल्फ क्लबवरची ती पहिली स्पर्धा लॉरा डेव्हिसने 10 फटक्यांनी जिंकली. 2021 मध्ये अ‍ॅनिका सोरेनस्टामने आठ फटक्यांनी बाजी मारली.

पन्नाशीनंतर तरुणांच्या स्पर्धेत उतरून जिंकणे दुर्मीळ असले तरी घडले आहे. क्रेग स्टॅडलरने 2003 मध्ये सीनियर प्लेयर्स जिंकली आणि लगेच पुढच्या आठवड्यात नियमित टूरवरची बी. सी. ओपन. फिल मिकेलसनने 2021 ची पीजीए चॅम्पियनशिप पन्नासाव्या वर्षी जिंकली. त्याआधी त्या वयात कोणीही नियमित टूरची मेजर जिंकली नव्हती. पण टॉम वॉटसन याच्याही पुढे जाण्याच्या उंबरठ्यावर होता. 2009 मध्ये टर्नबेरीला, नितंबाचा सांधा बदलल्यावर वर्षही झाले नसताना, 59 व्या वर्षी तो ब्रिटिश ओपनच्या अखेरच्या होलवर एका फटक्याने पुढे होता. पार (ठरलेल्या फटक्यांत होल पूर्ण करणे) पुरेसा होता. आठ नंबरच्या आयर्न काठीने मारलेला फटका चांगला बसला, पण चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर) न थांबता मागे घरंगळला. नंतर सुमारे आठ फुटांचा पट चुकला, आणि स्टुअर्ट सिंकने प्लेऑफ सहज जिंकला. चार दिवसांनी वॉटसन सनिंगडेलच्या पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीच्या जागी, उभा होता, सीनियर ओपन खेळायला.