विज्ञानविषयक लोकसमज

विज्ञानाचा शिक्का मारून सर्रास सांगितली जाणारी, पण तपासल्यावर पूर्णतः किंवा अंशतः चुकीची ठरणारी विधाने. अंधश्रद्धेहून यांची जात वेगळी. यांना आकड्याचा आधार असतो, कधी शास्त्रज्ञाचे नाव चिकटलेले असते आणि पुष्कळदा ती शाळेतच कानावर पडलेली असतात. निव्वळ थापा त्यांत कमी. मुळाशी एखादे खरे निरीक्षण असते, ते तोंडोतोंडी फिरताना त्याच्या अटी आणि मापे गळून जातात.

बेसिनमधला भोवरा हे याचे नमुनेदार उदाहरण. उत्तर गोलार्धात पाणी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत मोरीत जाते आणि दक्षिणेत काट्यांप्रमाणे, असे सांगितले जाते. पृथ्वीच्या परिवलनातून येणारा, वाहत्या हवेला-पाण्याला बाजूला वळवणारा कोरिऑलिस परिणाम खराच आहे, चक्रीवादळे कोणत्या बाजूने फिरणार हे तोच ठरवतो. पण वादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि दिवसच्या दिवस टिकते. बेसिन मिनिटभरात रिकामे होते. तिथे नळाच्या धारेने आधीच आलेला हेलकावा आणि भांड्याचा आकार यांच्यापुढे पृथ्वीचे काही चालत नाही.

तरीही समज सपशेल खोटा नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आशर शापिरो यांनी १९६२ मध्ये सुमारे १.८ मीटर व्यासाची उथळ गोल टाकी भरली, झाकली आणि पाणी २४ तास निवांत ठेवले. तळाच्या मध्यावरचे छिद्र अगदी लहान होते. बूच काढल्यावर पहिली १२–१५ मिनिटे काहीच घडले नाही. मग दिशा कळावी म्हणून पाण्यावर तरंगत ठेवलेली छोटी फुली संथपणे काट्यांच्या उलट फिरू लागली. १९६५ मध्ये सिडनीत असाच प्रयोग झाला, तेव्हा दिशा काट्यांप्रमाणे आली. म्हणजे विधान खरे, फक्त हात धुण्याआधी एक दिवस थांबायची तयारी हवी!

जिभेच्या नकाशाची गोष्ट याच वळणाची. शेंड्याला गोड, मागे कडू, ही आकृती अनेकांनी वहीत काढलेली असते. जर्मन संशोधक हेनिग यांना १९०१ मध्ये जिभेच्या कडांवर चवींच्या संवेदनशीलतेत किरकोळ फरक आढळला होता. पुढे १९४२ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांच्या पुस्तकातील आलेखावरून वाचकांनी त्या ‘थोडे कमी’चा अर्थ ‘अजिबात नाही’ असा लावला. शेंड्यावर कडू औषधाचा थेंब ठेवून बघावे, नकाशा तिथेच निकालात निघतो.

काही समज नुसत्या हिशेबाने पडतात. माणूस मेंदूचा १० टक्केच वापर करतो म्हणावे, तर शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा खातो, ती कशासाठी? चीनची भिंत चंद्रावरून दिसते ही वदंता तर कोणीही अवकाशात जाण्याच्या आधीपासूनची आहे. पाहिले कोणी, एवढे विचारले तरी पुरे.

खंडन करणाऱ्यांनाही सूट नाही. पालकात भरपूर लोह असल्याचा समज एका रसायनशास्त्रज्ञाच्या चुकलेल्या दशांशचिन्हामुळे पसरला, ही कथा विज्ञानप्रेमी मंडळी मोठ्या चवीने सांगतात. १९८१ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या खुसखुशीत लेखाने ती लोकप्रिय केली, संदर्भ मात्र दिला नाही. ब्रिटिश गुन्हेगारीशास्त्रज्ञ माइक सटन यांनी २०१० मध्ये माग काढला, तेव्हा त्या चुकीचा पुरावाच सापडला नाही.

उलटा प्रकारही घडलेला आहे. आकाशातून दगड पडतात हे अठराव्या शतकातील अनेक विद्वानांना खेडुतांचे भाबडेपण वाटे. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल या गावाभोवती हजारो दगड कोसळले. चौकशीला गेलेले फ्रेंच शास्त्रज्ञ झां-बातिस्त बियो यांनी एकमेकांशी संबंध नसलेल्या साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या, दगड कुठे कुठे पडले ते टिपले आणि आसपासच्या खडकांशी ते जुळतात का हे पाहिले. जबान्या जुळल्या, दगड जुळले नाहीत. म्हणजे खेडुतांचेच खरे होते, दगड आकाशातूनच पडले होते.