पाण्यातले बूट : वाळवण आणि निगा

नौकाविहार, कायाकिंग, पोहणे अशा पाण्यातल्या खेळांत भिजलेली पादत्राणे घरच्या घरी धुऊन, वाळवून, वास न धरू देता ठेवण्याची रीत. निओप्रीनचे, म्हणजे फेसाळ कृत्रिम रबराचे, बूट व मोजे, पातळ जाळीदार कापडाचे अ‍ॅक्वा शूज आणि पट्ट्यांचे सँडल हे यातले मुख्य प्रकार. गमबूट खेळाचा नव्हे. पण त्याचे दुखणे तेच, म्हणून त्याचाही विचार इथेच केला आहे.

विदर्भाला समुद्र नाही, तलाव मात्र उदंड आहेत. रामटेकजवळचा खिंडसी, गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध आणि पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव, म्हणजे बोलण्यातले ‘मामा तलाव’. शिवाय गावोगावच्या बोड्या, म्हणजे लहान तळी. शिंगाडे काढणारे, जाळे टाकणारे आणि धानाच्या रोवणीला बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या शेतात, उतरणारे पावसाळाभर ओल्या पायांनीच वावरतात, आणि बहुतेक अनवाणी. हौसेने घेतलेल्या बुटांचे लाड त्या मानाने फार. तरी ते महाग असतात आणि एका हंगामात कुबटून फेकावे लागले तर जीव चुटपुटतो.

बुटासोबत आलेल्या सूचनापत्रात पहिली ओळ बहुधा ‘वापरानंतर मीठ धुऊन काढा’ अशी असते. ती समुद्रासाठी लिहिलेली. आपल्या तलावात मीठ नाही. तिथे गाळ आहे, शेवाळ आहे आणि कुजलेला पाचोळा आहे. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असतात, पाण्याने फुगतात आणि कापडाच्या विणीत जाऊन बसतात. हा चिखल वाळू दिला की ब्रश मारून नुसती धूळ उडते, आतला थर जागचा हलत नाही. म्हणून बूट ओले असतानाच धुवावेत. तलावाच्या काठावर खळबळून घेणे म्हणजे गढूळ पाण्याने गढूळपणा धुणे. खरी धुलाई घरी, हापशीच्या किंवा नळाच्या स्वच्छ पाण्यात. आतली गादी सुटी होत असेल तर आधी ती काढून वेगळी धुवावी, कारण वासाचे अर्धे मूळ तिच्याखालीच असते. चिमूटभर धुण्याची पावडर, जुना दातांचा ब्रश आणि बादलीतले पाणी नितळ दिसेपर्यंत विसळणे, एवढे पुरते. गरम पाणी व ब्लिचिंग पावडर मात्र टाळावी. दोन्हींमुळे डिंकाचे जोड आणि कापड लवकर जातात.

वास येतो तो घामाचा नव्हे. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. कातडीवरचे जिवाणू घामातली द्रव्ये आणि पायाची मेलेली त्वचा फोडतात, त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी द्रव्ये तयार होतात आणि तो आंबूस, जुन्या चीजसारखा दर्प सुटतो. तलावातल्या कुजक्या पाचोळ्याची त्यात भर. जिवाणूंना ऊब, ओल आणि अन्न लागते. बंद बुटाच्या नाकाडात, म्हणजे बोटांकडच्या टोकात, तिन्ही एकत्र मिळतात. यातली ओल काढून घेणे सर्वांत सोपे. सुगंधी फवारा किंवा डांबरगोळी या तिन्हींपैकी काहीच काढून घेत नाही. कुबट वासावर डांबरगोळीचा वास चढतो, इतकेच.

निओप्रीन हे कृत्रिम रबर. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत ते 1930 साली तयार झाले. पाणबुड्यांच्या पोशाखात आणि बुटांत त्याचा फेस वापरतात. त्यात वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात, म्हणून ते ऊब धरते. बुडबुडे बंद असल्यामुळे रबरात पाणी फारसे शिरतच नाही. पाणी धरतो तो त्याला आतबाहेर चिकटवलेला नायलॉनचा पातळ थर. वाळवायचा तो हाच थर. त्यामुळे मऊ बूट नुसता दोरीवर टाकण्याऐवजी मोज्यासारखा उलटा करून आतली बाजू आधी वाळवावी, मग सुलटा करावा. बाहेरून हाताला कोरडा लागलेला बूट आतून तासन्‌तास ओला राहू शकतो. खात्री करायची तर नाकाडात कोरा वर्तमानपत्री कागद सारावा आणि बाहेरून अंगठ्याने दोन मिनिटे दाबून धरावा. कागद काळपट, लिबलिबीत निघाला तर बूट अजून ओलाच.

इथे वाळवण म्हटले की आठवतात उन्हाळ्यातले सरगुंडे, कुरड्या आणि पापड. मे महिन्याच्या तपनीत गच्चीवर काहीही पसरा, दुपारपर्यंत कडक. बुटाला हाच न्याय लावणे ही सर्वांत मोठी चूक. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत, कधी त्याहूनही वर जातो आणि उन्हातला टिनाचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. तीव्र ऊन आणि उष्णता निओप्रीन कडक करते, त्याला भेगा पाडते. तळव्याचा डिंक सुटतो. प्रस्तुत लेखकाने एकदा नवे बूट पत्र्यावर ठेवले. संध्याकाळी उचलायला गेला तर बूट हातात आला आणि तळवा पत्र्यालाच चिकटून राहिला. तेव्हा उन्हाळ्यात सावली हवी. सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास दिले तरी चालते, पुढे छपरीत. त्या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की सावलीतही बूट दिवसभरात वाळतो.

खरी परीक्षा झडीची. सतत झड लागली, ऊन दिसेना, भिंतींनाही ओल आली की दोरीवर टांगलेला बूट तिसऱ्या दिवशीही तसाच. अशा वेळी उष्णता शोधत चुलीजवळ जाण्याचा मोह होतो. चुलीवर टांगलेल्या बुटाला धुराचा वास तर बसतोच, रबरही बिघडते. इथे कामाला येतो कूलर. विदर्भातल्या घरात पावसाळ्यात कूलर कोपऱ्यात बसून असतो. त्यात पाणी न घालता, पॅड काढून नुसता पंखा लावावा आणि समोर बूट तोंड उघडे करून ठेवावेत. गरम हवेची गरज नाही, वाहती हवा पुरते. लाइन गेली तर गोष्ट वेगळी. मग रद्दीच उपयोगी. पेपरचे सैल बोळे नाकाडापर्यंत भरायचे, पहिले तासाभरात बदलायचे, पुढचे रात्रभर ठेवायचे. ओला बोळा काढायचा विसरला तर तोच ओल धरून बसतो. धान पिकवणाऱ्या घरांत कोरडे तूस जुन्या मोज्यात भरून तो मोजा बुटात सारता येतो. कागदाइतके ते पाणी ओढत नाही, पण नाकाड उघडे राहते.

गमबूट आधी उपडा करून पाणी निथळू द्यावे. कुंपणाच्या बांबूच्या खुंटावर टांगला की झाले. मात्र निथळल्यावर तो सुलटा, तोंड वर करून वाऱ्यावर ठेवावा. उपडाच राहिला तर आतली दमट हवा आतच कोंडते. जाळीदार अ‍ॅक्वा शूज व सँडल यांचे फार लाड लागत नाहीत, फक्त वेलक्रो पट्ट्यांतला चिखल सुईने काढावा.

इतके करूनही वास उरला तर खायचा सोडा. तो अल्कधर्मी आहे, वासाची द्रव्ये आम्ले. दोघांचा संयोग झाला की त्यांचा उडून जाण्याचा गुण संपतो. बूट वाळल्यावर आत चमचाभर शिंपडून रात्रभर ठेवावा, सकाळी झटकावा. ओल्या बुटात टाकल्यास त्याची गोळी होते. चुलीतली राखडही अल्कधर्मी असल्याने हेच काम करते, पण ती कापडाच्या पुरचुंडीत बांधूनच ठेवावी; मोकळी टाकली तर काळे डाग पडतात आणि तिचा तीव्र क्षार त्वचेला झोंबतो.

पाय विसरून चालत नाही. बोटांच्या बेचकीत पांढरी, भिजलेली, खाजणारी त्वचा दिसली तर त्या चिखल्या. चिखलपाण्यात राबणाऱ्यांचा हा जुना त्रास, आणि बऱ्याचदा त्यात बुरशीचा संसर्गही असतो. बूट धुऊन पुन्हा त्याच ओल्या पायांनी घातले तर फिरून तेच. पाय पुसून, बोटांमधली जागा कोरडी करून मगच मोजे चढवावेत. शक्य असेल तर दोन जोड आळीपाळीने वापरावेत.

पूर्ण वाळलेले बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नयेत. जुन्या उशीचा सुती अभ्रा पिशवीपेक्षा चांगला. पॉलियुरेथेनचा तळवा दमट जागी पडून राहिला तर वापरात नसतानाही भुगा होतो, हे बऱ्याच जणांना दिवाळीनंतर अडगळ उपसतानाच कळते. वाळत घातलेले बूट रात्री छपरीत राहिले तर दोन जोखमी असतात. पहिली कुत्र्याची, जे नेहमी एकच पाय पळवते. दुसरी विंचवाची, म्हणून सकाळी घालण्याआधी बूट उपडा करून टाचेवर दोनदा आपटावा.